पुतणीची फिट थांबेना तेव्हा

हळद शिजवायचे दिवस होते, बहुतेक माणसं शेतावर. वसमतच्या घरी पुतणीला फिट आली आणि ती थांबेचना. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, पण थोडंसंच. जास्त दिलं तर श्वास मंदावेल, ही भीती. बराच वेळ वाट बघून "नांदेडला न्या" म्हणाले. नांदेडला दुसरंच औषध सुरू झालं. वहिनी रडतच म्हणाली, "भाऊजी, तिथलं खरं की इथलं?"

हा प्रश्न कुणालाही पडेल, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडून समजून घेतलेलं सांगतो. पाच मिनिटांवर गेलेली फिट आपोआप थांबण्याची आशा कमी. अर्ध्या तासापुढे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम यांपैकी एक लगेच आणि वजनानुसार पूर्ण मात्रेत द्यायचं. यात रुग्णालयागणिक फरक पडता कामा नये. शीर सापडेना तर मिडाझोलाम मांडीच्या स्नायूत देता येतं. श्वासावर लक्ष ठेवावंच लागतं. पण अमेरिकेतल्या 2001 च्या अभ्यासात, रुग्णवाहिकेत ज्यांना लोराझेपाम किंवा डायझेपाम मिळालं नाही त्यांनाच श्वासाचा त्रास जास्त झाला.

तरीही झटके चालू राहिले तर लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. 2019 च्या मोठ्या चाचणीत तिन्ही सारखीच ठरली, प्रत्येकाने साधारण निम्म्या रुग्णांची फिट थांबली. रुग्णाचं वय, यकृत, गर्भारपण बघून डॉक्टर निवडतात. त्यानेही भागलं नाही तर भूल आणि व्हेंटिलेटर. म्हणजे वहिनी, औषध दोन्हीकडचं खरंच होतं. कमी पडली ती पहिली मात्रा आणि हातातून गेलेला वेळ.

फिट आली की आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. पाच मिनिटं होताच 108 ला फोन. आधी फिट आलेली असेल तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारा आणि मात्रा लिहून घ्या.

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "काय दिलं? किती मिलिग्रॅम? किती वाजता?" आमच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'फिट, इंजेक्शन दिले.' पुढच्या रुग्णालयाला राहिलेली मात्रा द्यायची की दुसऱ्या टप्प्याकडे जायचं, ते या तीन गोष्टींवर ठरतं. रेफरची चिठ्ठी हातात आली की त्या लिहिल्यात का, ते वाचा; नसतील तर गाडीत बसण्याआधी लिहून मागा. सोबत मुलाचं वजन आणि चालू गोळ्यांची नावंही द्या.