खोकला आजचा, धूळ तीस वर्षांपूर्वीची

आपल्या वस्तीत दम लागणाऱ्या वडीलधाऱ्यांची वाण नाही. कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते बिडी भोवली. दवाखान्यात गेले की पहिला संशय टीबीचा. आपल्याकडे टीबी एवढा आहे की त्यात डॉक्टरांचे चुकते असेही नाही. पण एक प्रश्न राहून जातो : काका, तुम्ही आयुष्यभर काम कोणते केले? इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे त्यात बजावले. तीनशे वर्षे उलटली तरी केसपेपरवर धंद्याची जागा बहुधा कोरीच असते. तेव्हा डॉक्टर विचारत नसतील तर आपण होऊन सांगावे. असे सांगण्याने औषधोपचाराची दिशा बदलते, आणि पुढे कोर्टातही तेच सांगणे कामी येते. आज अ‍ॅस्बेस्टॉसच्या निमित्ताने ते समजून घेऊ.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगडच, पण कुटला की त्याचे कापसासारखे धागे सुटतात. ते जळत नाहीत. म्हणून बॉयलर आणि वाफेचे पाइप गुंडाळायला, ब्रेकच्या लायनिंगला, गॅस्केटला आणि सिमेंटच्या पत्र्यांत तो वापरला गेला. रेल्वे वर्कशॉप, गिरणीचा बॉयलरखाना, वीजघर, जुनी जहाजे तोडण्याचे काम, पत्र्याचा कारखाना, जुन्या इमारती पाडण्याचे काम, यांपैकी कुठेही ज्यांच्या अंगावर ही धूळ बसली, त्यांनी हा मजकूर जरा सावकाश वाचावा.

धाग्याचे तुकडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती वण धरतो, फुप्फुस घट्ट होत जाते आणि जिना चढताना धाप लागू लागते. हा अ‍ॅस्बेस्टोसिस. याच धुळीने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सरही होतो. धूळ आणि बिडी-सिगारेट एकत्र आली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. यातली खरी अडचण काळाची आहे. धूळ अंगात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, सोबतचे गावी गेलेले असतात आणि हजेरीचे कार्ड चुलीत गेलेले असते.

मातांनो, हा फक्त पुरुषांचा आजार समजू नका. 1965 साली लंडनमधील अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांत असे लोक आढळले, जे स्वतः कारखान्यात कधी गेलेच नव्हते. त्यांच्या घरातले माणूस अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावर होते. कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बाईच्या श्वासातही तीच धूळ जाते. म्हणून मावशींनी आपल्या केसपेपरवर मालक कुठे कामाला होते तेही लिहून घ्यावे.

घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, मग काय करायचे, हे विचारणारे पुष्कळ असतात. पत्रा शाबूत असेल तर घाबरून काढू नका. धोका तो कापताना, भोक पाडताना, घासताना आणि फोडताना असतो. काम करावेच लागले तर आधी पाणी मारून ओला करा, मुलांना दूर ठेवा, पडलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरडा झाडू नको. तुटके तुकडे मोरीच्या आडोशाला किंवा मुलांना खेळायला ठेवू नका.

आता कोर्टाकडे वळू. अमेरिकेतील टेक्सास राज्यात क्लॅरेन्स बोरेल नावाचा कामगार होता. 1936 पासून तेहेतीस वर्षे त्याने तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि गोदीत पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण घालण्याचे काम केले. धूळ इतकी की नाकपुड्यांत मलम लावून ही माणसे कामाला जात. धूळ वाईट हे त्याला कळत होते, पण तिने जीव जाईल हे कोणी सांगितले नव्हते. 1969 मध्ये अ‍ॅस्बेस्टोसिसचे निदान झाले. त्याच्याच एका सोबत्यासाठी वॉर्ड स्टीफन्सन नावाच्या वकिलाने माल बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला होता आणि तो हरला होता. तरीही हाच वकील बोरेलसाठी पुन्हा उभा राहिला. बोरेल खटला उभा राहण्याआधीच 1970 मध्ये वारला. पण तोपर्यंत वकिलाने त्याची जबानी नोंदवून घेतली होती : कोणत्या साली, कोणत्या जागी, कोणत्या कंपनीचा माल हाताळला. या धुळीचे दुष्परिणाम 1930 च्या सुमारासच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले होते, तेही कोर्टापुढे ठेवले गेले. ज्यूरीने बोरेलच्या पत्नीच्या बाजूने सुमारे 79 हजार डॉलर भरपाई ठरवली. कंपन्या अपिलात गेल्या. सप्टेंबर 1973 मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम केला : माल विकणाऱ्याने त्याचा धोका तपासला पाहिजे आणि तो वापरणाऱ्या कामगाराला सांगितला पाहिजे. हा निकाल ऐकायला स्टीफन्सनही उरला नव्हता, काही दिवस आधीच त्याचे निधन झाले होते. पुढे अमेरिकेत हजारो कामगारांचे दावे याच निकालाच्या आधाराने उभे राहिले. मला यात सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती मरणाऱ्या माणसाची ती जबानी.

आपल्याकडेही निकाल आहे. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी सांगितले की कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश दिला. तपासणीत आजार सिद्ध झालेल्यांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. चाळीस वर्षांचा आकडा न्यायालयाने उगाच घातलेला नाही, आजारच तेवढा उशिरा येतो. मालक नोंद ठेवतो की नाही हे मात्र आपल्या हातात नाही. आपले कागद आपल्या हातात आहेत.

म्हणून घरातल्या पेटीत एक पाकीट करा. नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद, ईएसआयचे कार्ड, गेटपास, युनियनची पावती, जे असेल ते त्यात ठेवा. काहीच नसेल तर वहीत लिहून काढा : कुठल्या खात्यात, कोणत्या वर्षांत, कोणते काम, बरोबर कोण होते. सोबतचे दोघे हयात असतील तर त्यांची नावेही लिहा, तेच उद्याचे साक्षीदार. डॉक्टरांकडे एक्स-रे, लागल्यास छातीचा सीटी स्कॅन आणि फुंकर मारून होणारी फुप्फुसाची तपासणी करून घ्या. निदानाच्या कागदावर आजाराबरोबर धुळीतल्या कामाचा उल्लेख मागून घ्या. टीबीची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही आजार एका माणसाला होऊ शकतात.

ईएसआय कापला जात असेल तर दावा त्या महामंडळाकडे करायचा, नसेल तर कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे. भरपाईच्या कायद्यातील धंद्याच्या आजारांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टोसिसचे नाव आहे. ठेकेदाराकडून लागलो होतो म्हणून हक्क बुडत नाही, मूळ मालकावरही जबाबदारी येते. दाव्याला मुदत असते. निदान हाती आल्यावर महिनेच्या महिने घालवू नका. मुदत टळली असेल तरी सबळ कारण दाखवून अर्ज करता येतो, त्यामुळे आधीच हात टेकू नका.

वकिलाच्या फीची धास्ती बऱ्याच जणांना मागे खेचते. अनुसूचित जातीचे लोक, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत, दाखला सोबत ठेवा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोन 15100. दारात येऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागणारा, भरपाईत निम्मे माझे म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहाही पाजू नका. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे आपल्या देशात वकिलांना नियमानेच मना आहे.

पाकिटातले मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. झेरॉक्स द्या आणि दिल्याची पोच घ्या.