इलेक्ट्रॉन विलग करण्याचे मोल

सोडियमची संयुजा एक, मॅग्नेशियमची दोन, ॲल्युमिनियमची तीन, असे माध्यमिक शाळांतून पाठ करून घेतले जाते. वस्तुतः या संख्यांमागे प्रयोगाने मोजलेले आकडे आहेत. ते फळ्यावर मांडल्यास पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

वायुरूप अणूपासून एक इलेक्ट्रॉन विलग करण्यास लागणाऱ्या ऊर्जेस आयनीभवन ऊर्जा म्हणतात. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे तिचे एक एकक होय. मॅग्नेशियमच्या पहिल्या इलेक्ट्रॉनास ७.६ एकके लागतात, तर दुसऱ्यास १५.०. अणुकेंद्राचा धनभार तोच राहतो, पण त्याच्या ओढीत वाटेकरी असलेले इलेक्ट्रॉन घटतात. म्हणून प्रत्येक पुढचा इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरला जातो. तिसऱ्यास मात्र एकदम ८०.१ एकके लागतात. तो आतल्या कक्षेतला, केंद्राच्या निकटचा असतो. सोडियममध्ये अशी उडी पहिल्या इलेक्ट्रॉनानंतरच येते: ५.१, मग ४७.३. ॲल्युमिनियममध्ये ती तिसऱ्यानंतर येते: ६.०, १८.८, २८.४ आणि मग १२०.०.

अणूला बाह्य कक्षा रिकामी करण्याची ‘इच्छा’ असते, असे वर्गात सांगण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉनही आपण होऊन सुटत नाही. त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. मिठाचा स्फटिक बांधला जाताना जी ऊर्जा मोकळी होते, तीतून हा खर्च भागतो. दुसऱ्या इलेक्ट्रॉनाचे ४७.३ एककांचे मोल मात्र क्लोरीनशी होणाऱ्या कोणत्याही संयोगातून भरून निघत नाही. म्हणून सोडियमची संयुजा एकावर थांबते.

हाच हिशेब डॉ. मेघनाद साहा यांनी १९२० साली सूर्याला लावला. तापमान व दाब ठाऊक असल्यास किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावले असतील, हे त्यांच्या समीकरणाने काढता येते. तापमान तेच असता दाब जितका कमी, तितके आयनीभवन अधिक. सूर्याच्या वातावरणात फार उंचावर आयनीभूत कॅल्शियमच्या वर्णरेषा का दिसतात, याचा उलगडा त्यातून झाला. कॅल्शियमचे आकडे ६.१, ११.९ आणि ५०.९ असे आहेत. सूर्याच्या त्या विरळ थरात त्याचा एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो. शिक्षकांच्या हातातील खडूत दोन गेलेले असतात, आणि तिसरा तेथेही जागचा हललेला नसतो.