स्वरसाधिका क्लारा शूमान

(एकोणिसाव्या शतकात जर्मनीत होऊन गेलेल्या एका थोर पियानोवादिकेच्या आणि संगीतरचनाकार स्त्रीच्या दिनक्रमाचा परिचय या पाठात करून दिला आहे. कलावंताची प्रतिभा कशावर पोसली जाते आणि कशाने कोमेजते, याचा विचार पाठ वाचताना करावा.)

एखादी मधुर स्वररचना कानी पडली, की तिच्या कर्त्याविषयी आपण मनाशी एक चित्र रंगवतो. तो एकान्तात बसला असेल, खिडकीतून चांदणे आत आले असेल आणि एकाएकी त्याला स्वर सुचले असतील, असे आपणांस वाटते. कलावंताचे आयुष्य म्हणजे जणू एक अखंड उत्सवच! परंतु खऱ्या कलावंताच्या घरात डोकावून पाहिले, तर तेथे चांदण्यापेक्षा घड्याळाचेच राज्य अधिक आढळते. सराव किती झाला, पुढचा जलसा कोणत्या गावी आहे, मुलांची काळजी कोण घेईल, घरखर्चाला पैसे पुरतील का, हे प्रश्न त्यालाही सुटत नाहीत. क्लारा शूमान यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

त्यांचे वाद्य पियानो. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपल्या पेटीच्या पट्ट्यांसारख्याच दिसतात. पण आतली रचना अगदी वेगळी असते. पेटीत भात्याच्या हवेने पितळेच्या बारीक पात्या थरथरतात व सूर निघतो. पियानोत पट्टी दाबली, की नमद्याने मढवलेली एक लहानशी हातोडी आतील तारेवर आघात करते. पट्टी हळुवार दाबावी तर स्वर मंद उमटतो, जोराने दाबावी तर तो दणदणीत होतो. म्हणूनच या वाद्याला इटालियन भाषेतील ‘मंद’ आणि ‘मोठा’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून ‘पियानोफोर्ते’ हे नाव पडले. भाता मारावा लागत नसल्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे असतात आणि दहाही बोटांना काम पडते. ही बोटे मनाच्या आज्ञेत ठेवायची, तर रोजच्या सरावावाचून दुसरा उपाय नाही.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइपझिग या शहरात झाला. तिचे वडील फ्रीडरिक वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक होते. चार वर्षांची होईपर्यंत क्लारा नीट बोलत नसे. हिला ऐकूच येत नसावे, असे घरच्यांना वाटे. पुढे जिच्या कानांची साऱ्या युरोपने वाखाणणी केली, तिच्याविषयी बालपणी अशी शंका घेतली गेली होती!

वडिलांची शिस्त कडक होती. रोज एक तास त्यांच्यापाशी धडा, त्यानंतर काही तास सराव आणि मग मोकळ्या हवेत दूरवर फेरफटका, असा क्रम त्यांनी घालून दिला. नुसता सराव केल्याने बोटे तयार होतात. पण मन ताजे राहण्यासाठी चालणेही हवे, असे त्यांचे मत होते. त्यांनी मुलीच्या नावाने एक रोजनिशी सुरू केली. तिच्यात ‘मी’ या शब्दाने वाक्ये लिहिलेली असत. परंतु कित्येक वर्षे ती लिहिणारा हात वडिलांचाच होता. आपले आयुष्य दुसऱ्याच्या लेखणीतून उतरताना त्या मुलीला काय वाटत असेल बरे!

वयाच्या नवव्या वर्षी, १८२८ मध्ये, लाइपझिगच्या गेवांडहाउस या प्रसिद्ध संगीतगृहात क्लारा प्रथम श्रोत्यांसमोर आली. ती केवळ दुसऱ्यांच्या रचना वाजवून थांबली नाही. लहान वयापासून ती स्वतः रचना करू लागली. पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तिने रचलेली एक मोठी कृती १८३५ मध्ये सादर झाली. पियानोवर ती स्वतः बसली होती आणि वाद्यवृंदाचे संचालन फेलिक्स मेंडेलसोन या थोर संगीतकाराने केले. तेव्हा क्लाराला नुकतेच सोळावे वर्ष पुरे झाले होते. १८३९ मध्ये ती वडिलांवाचून पॅरिसला गेली. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने अनोळखी नगरीत आपल्या जलशांची व्यवस्था पाहिली.

एवढे यश मिळूनही तिच्या मनात एक शंका घर करून होती. त्या काळी स्त्रीने वाद्य वाजवावे हे लोकांना मान्य होते. परंतु तिने नवे संगीत निर्माण करावे, हे क्वचितच कोणाला रुचे. त्याच १८३९ साली तिने आपल्या रोजनिशीत नोंद केली, की रचना करण्याची शक्ती आपल्यात आहे असे आपण समजत होतो, पण स्त्रीने असली इच्छा धरू नये हेच बरे. आजवर कोणा स्त्रीला ते साधले आहे? ज्या हातांनी वाद्यवृंदासाठी रचना केली होती, त्याच हातांनी ही नोंद केली, हे वाचून मन खिन्न होते. समाजाचे मत कलावंताच्या अंतःकरणात किती खोल शिरते, हे यावरून कळते.

१८४० मध्ये रॉबर्ट शूमान या प्रतिभावान संगीतकाराशी तिचा विवाह झाला. हा विवाह वडिलांना मान्य नव्हता. त्यासाठी दोघांना न्यायालयात जावे लागले. विवाहानंतर दोघे मिळून एक रोजनिशी लिहीत, थोर संगीतकारांच्या कृतींचा एकत्र अभ्यास करीत. रॉबर्ट पत्नीला रचना करण्यास उत्तेजन देत. १८४१ मध्ये दोघांच्या गीतांचा एक संग्रह निघाला. त्यातील बारा गीतांपैकी तीन क्लाराबाईंची होती.

पण घरात एक अडचण होती, आणि ती होती भिंतीची! भिंती पातळ होत्या. रॉबर्ट आपल्या खोलीत रचना करीत बसले, की शेजारच्या खोलीतील पियानोचे सूर त्यांचे चित्त विचलित करीत. म्हणून ते काम करीत असताना क्लाराबाईंनी पियानो बंद ठेवावा, असे ठरून गेले. ते घराबाहेर पडले, की त्यांना सरावाला अवसर मिळे. सराव मागे पडत चालल्याची खंत त्या रोजनिशीत नोंदवीत. वादकाचे दोन दिवस वाया गेले, तर बोटांना ते कळते. दोन आठवडे गेले, तर श्रोत्यांनाही कळते. मदतीला नोकरचाकर असले तरी एकामागून एक झालेली मुले, घराचा हिशेब आणि पतीची नाजूक प्रकृती यांचा भार क्लाराबाईंवरच होता. त्यांना एकंदर आठ अपत्ये झाली. त्यांतील एक बालपणीच वारले. अशाही स्थितीत १८४६ मध्ये, चार लहान मुले घरात असताना, त्यांनी पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी एक रचना पूर्ण केली. ती त्यांच्या उत्कृष्ट कृतींत गणली जाते.

पुढे शूमान कुटुंब ड्युसेलडॉर्फ शहरात राहू लागले. पुढे तेथे ते एका नव्या घरात राहू लागले. या घरात वरच्या मजल्यावर क्लाराबाईंना स्वतःची खोली मिळाली. तेथे त्यांनी कितीही वेळ पियानो वाजवला, तरी खाली रॉबर्टना त्याचा उपद्रव होत नसे. मग काय झाले? १८५३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या लेखणीतून एकामागून एक रचना उतरू लागल्या. रॉबर्ट यांच्याच एका चालीला निरनिराळी रूपे देऊन रचलेली कृती त्यांनी ८ जूनला पतीच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली. पाठोपाठ गीते झाली, पियानोसाठी रचना झाल्या. व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी रचलेल्या तीन कृती त्यांनी योझेफ योआखिम या तरुण व्हायोलिनवादकाला अर्पण केल्या. प्रतिभा आटली नव्हती. ती केवळ दाराबाहेर तिष्ठत उभी होती. दार उघडताच ती आत आली.

हे सुख अल्पकाळच टिकले. १८५४ च्या प्रारंभी रॉबर्ट यांच्या मनाचा तोल ढळला आणि त्यांना बॉनजवळील एंडेनिख येथे रुग्णालयात ठेवावे लागले. तेथेच १८५६ मध्ये त्यांचा अंत झाला. सात मुलांचा भार आता एकट्या आईवर पडला. मित्रांनी साहाय्यासाठी जलसा करण्याची इच्छा दर्शविली. पण क्लाराबाईंनी ती नम्रपणे नाकारली. आपल्या बोटांत सामर्थ्य असताना दुसऱ्यापुढे हात कशाला पसरावा, असा त्यांचा बाणा होता. त्यांनी प्रवासाची पेटी भरली आणि त्या गावोगाव निघाल्या.

वादनाचा दौरा म्हणजे मोठे कष्टाचे काम. व्हायोलिनवादक आपले वाद्य काखोटीस मारून जाऊ शकतो. पियानोवादकाला बहुधा त्या त्या गावी मिळेल त्या वाद्याशी जुळवून घ्यावे लागते. कोठे पट्ट्या जड, तर कोठे सूर उतरलेले. सभागृह ठरवणे, तिकिटे, जाहिरात, वाद्य जुळवणारा, उतरण्याची जागा, या साऱ्या गोष्टी पाहाव्या लागत. त्यातच दूर असलेल्या मुलांची पत्रे आणि त्यांच्या शिक्षणाची चिंता. समोर स्वरलेखनाचे कागद न ठेवता वाजवण्याची प्रथा ज्या थोड्या वादकांनी रूढ केली, त्यांत क्लाराबाई अग्रभागी होत्या. आरंभी काही लोकांनी त्यास अहंकार म्हटले; आज ती सर्वत्र रीतच होऊन बसली आहे. पतीच्या रचना त्यांनी देशोदेशी नेऊन श्रोत्यांच्या ओठी रुळवल्या. १८७८ पासून १८९२ पर्यंत त्यांनी फ्रँकफुर्ट येथील संगीत विद्यालयात अध्यापन केले.

या साऱ्या धकाधकीत एक गोष्ट मात्र मागे पडली. १८५६ नंतरच्या चाळीस वर्षांत त्यांनी अगदी थोड्या नव्या रचना लिहिल्या. १८५३ च्या त्या उन्हाळ्यासारखे उन्हाळे त्यांना आणखी लाभले असते, तर संगीताच्या भांडारात किती भर पडली असती!

तथापि त्यांच्यातील रचनाकार नाहीसा झाला नव्हता. रोजचा सराव सुरू करण्यापूर्वी मनात येतील तसे स्वर जुळवून एखादी छोटी रचना वाजवण्याची त्यांची जुनी सवय होती. ती रचना रोज नवी असे आणि वाजवून होताच हवेत विरून जाई. १८९५ मध्ये मुलींनी आग्रह धरला, की या रचना कागदावर उतरवून ठेवाव्यात. त्या वेळी क्लाराबाईंचे वय शहात्तर वर्षांचे होते. त्यांनी त्यांतील काही लिहून दिल्या. पुढील वर्षी, २० मे १८९६ रोजी, त्यांचे देहावसान झाले. १९९० मध्ये जर्मनीने शंभर मार्कांची नवी नोट काढली, तेव्हा तिच्यावर त्यांचे चित्र छापले. २००२ मध्ये युरो नाणी-नोटा आल्या आणि त्या नोटेचा व्यवहार थांबला. परंतु क्लाराबाईंचे संगीत आजही वाजवले जाते.

मुलांनो, स्फूर्ती ही आकाशातून अवचित पडणारी वस्तू नव्हे. रोजच्या साधनेच्या जमिनीतच तिचे बीज रुजते. पण बी रुजण्यास जमिनीइतकीच उघडी जागाही लागते. तुमच्या घरीही कोणी गात असेल, चित्रे काढीत असेल, कोणाला लिहिण्याची ओढ असेल. कदाचित ती तुमची आई असेल, कदाचित धाकटी बहीण. तिला दिवसातला एक तास निवान्तपणे मिळतो का, हे एकदा पाहा. मिळत नसेल, तर तो मिळवून देणे तुमच्या हाती आहे.

शब्दार्थ

जलसा – गायन-वादनाचा कार्यक्रम. नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड. विचलित करणे – एकाग्रता मोडणे. अवसर – संधी, मोकळा वेळ. उपद्रव – त्रास. तिष्ठत उभे राहणे – वाट पाहत थांबणे. बाणा – ठाम वृत्ती.

स्वाध्याय

१. पेटी आणि पियानो यांच्या रचनेतील फरक तीन-चार वाक्यांत सांगा.
२. १८३९ मध्ये क्लाराने रोजनिशीत कोणती शंका व्यक्त केली? तिचे कारण काय असावे?
३. ‘प्रतिभा केवळ दाराबाहेर तिष्ठत उभी होती,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. क्लाराबाईंचा स्वाभिमान कोणत्या प्रसंगातून दिसतो?
५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : दिनक्रम, घरखर्च, गावोगाव, नोकरचाकर.
६. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या कलावंताचा दिनक्रम विचारून घ्या व त्यावर दहा ओळी लिहा.