'टाकाऊ' मासा : गळाच्या छंदातील एक नैतिक प्रश्न

कोकणात कोणी 'गरवायला' गेला म्हणजे गळाला जे लागेल ते घरी येते. मासा मोठा असला तर शेजाऱ्याकडे वाटा जातो, बारीकसारीक असले तर त्याचे कालवण होते, आणि अगदीच काही नसले तर मांजराची सोय होते. त्यामुळे धरलेला मासा खायचा नाही, पाण्यात परतही सोडायचा नाही, काठावर तडफडत टाकून पुढे जायचे, ही रीत आपल्या वाचकाला प्रथमदर्शनी समजतच नाही. अमेरिकेतील नद्या-तळ्यांच्या काठी मात्र ती कित्येक पिढ्या चालत आली आहे. आणि ती पाळणारे लोक मुळात क्रूर होते असे नव्हे. आपण नदीचे भलेच करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नीतिशास्त्राच्या तासाला आपण हेतू व परिणाम यांचा वाद वाचतो. तोच वाद येथे एका माशाच्या निमित्ताने पाहावयाचा आहे.

तेथे गळ हा बहुतांशी छंद आहे. ज्या माशाशी झुंज रंगते आणि ज्याचे मांस रुचते, ते 'खेळाचे मासे': ट्राउट, बास, वॉलाय वगैरे. त्यांच्यासाठी हंगाम ठरलेले, आकार ठरलेला, दिवसाला किती धरावेत तेही ठरलेले. उरलेल्यांना 'रफ फिश' असे सरकारी नाव आणि बोलीभाषेत 'ट्रॅश फिश', म्हणजे सरळसरळ कचरा. या कचऱ्यात कोण येतात? लांब चोचीचा आणि चिलखतासारख्या खवल्यांचा गार, ज्याचे पूर्वज डायनोसॉरांच्या काळातील आहेत, त्याच्याइतकाच प्राचीन घराण्यातला बोफिन, तळाशी चरणारे सकर आणि बफेलो, आणि ड्रम. हे सर्व त्या नद्यांचे मूळ रहिवासी. कोणाला काटे फार, कोणाचे रूप ओंगळ, एवढाच त्यांचा अपराध.

अपराध एवढाच म्हटले तर मारणे शोभत नाही, म्हणून आरोपपत्र तयार झाले. सकर ट्राउटची अंडी खातो, गार चांगल्या माशांचा फडशा पाडतो, असे त्यातील मुख्य आरोप. सकर काही अंडी खातो हे खरे आहे. परंतु सकरची अंडी आणि पिले ट्राउट खातो, ही बाजू कोणी मांडली नाही. गारांची पोटे फाडून तपासली तेव्हा त्यांत मुख्यतः लहान, विपुल असलेले चारा-मासेच सापडले. ड्रमची गोष्ट तर याहून मजेची आहे. गोड्या पाण्यातील शिंपल्यांची पिले आयुष्याचे पहिले काही दिवस किंवा आठवडे माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात, आणि शिंपल्यांच्या अनेक जातींना त्यासाठी ड्रमच लागतो. म्हणजे 'कचरा' काठावर फेकणारा माणूस नकळत नदी गाळून स्वच्छ ठेवणाऱ्या शिंपल्यांचाही वंश तोडीत होता.

समजूत एका माणसाची असली तर नुकसान टोपलीभर होते. सरकारची असली तर नदीभर होते. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये गार मारण्यासाठी विजेचा धक्का देणारी यंत्रे बसवलेली नाव चालवली गेली. त्याहून मोठा प्रकार १९६२ च्या सप्टेंबरात वायोमिंग व युटा राज्यांत घडला. ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज हे धरण पुरे होत आले होते. होणाऱ्या तलावात ट्राउट सोडावयाचे, तर त्याआधी 'निरुपयोगी' मासे काढून टाकावेत असे ठरले आणि नदी व उपनद्या मिळून सुमारे ७१५ किलोमीटर प्रवाहात रोटेनोन हे विष सोडण्यात आले. खालच्या अंगाला विषाचा उतारा टाकला होता, पण तो पुरला नाही. विष डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत उतरले. मेलेल्या माशांत कॉलोरॅडो पाइकमिनो होता. हा मासा पूर्वी माणसाच्या उंचीइतका वाढत असे. अवघ्या पाच वर्षांनी, १९६७ साली, त्याच देशाने नष्टप्राय प्राण्यांची पहिली यादी केली, तीत पाइकमिनोचे आणि त्याच खोऱ्यातील हंपबॅक चबचे नाव घालावे लागले. पुढे बोनीटेल आणि रेझरबॅक सकर यांचीही भर पडली. आता त्यांची पिले हौदांत वाढवून त्याच खोऱ्यात सोडली जातात. ज्याला विष घालण्यास खर्च केला त्यालाच वाचवण्यास त्याहून कितीतरी अधिक खर्च चालू आहे!

आता काठावरच्या एकट्या माणसाकडे वळू. बिगमाउथ बफेलो हा मासा असाच यादीतला. तो फार तर पंचवीस-तीस वर्षे जगत असेल अशी कल्पना होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात माशाच्या कानातील खड्यावरची वर्षागणिक वाढणारी वलये मोजली गेली आणि अणुचाचण्यांमुळे वातावरणात आलेल्या कार्बनच्या आधारे ती मोजणी पडताळून पाहण्यात आली. एका मादीचे वय ११२ वर्षे निघाले. म्हणजे पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हाही ती पोहतच होती. याहून गंभीर गोष्ट पुढे कळली. मिनेसोटातील राइस लेक येथे तपासलेले जवळजवळ सर्व बफेलो पन्नास वर्षांवरचे होते. ते दर वर्षी अंडी घालतात, पण गेली सुमारे सहा दशके त्यांची नवी पिढी टिकलेली नाही. तळे माशांनी भरलेले दिसते, परंतु ते सारे म्हातारे आहेत.

याच माशाची शिकार रात्री नावेवर प्रखर दिवे लावून धनुष्यबाणाने होते, आणि कित्येक राज्यांत किती मारावेत याला मर्यादा नव्हती. येथे नैतिक प्रश्न निराळे वळण घेतो. गळ टाकणाऱ्याला निवड तरी उरते. बाणाने विंधलेला मासा सोडता येत नाही. ज्याला खायचे आहे त्याने बाण मारला तर माझे काही म्हणणे नाही. पण रात्रभर मारून सकाळी ढीग खड्ड्यात लोटायचा असेल, तर त्या कृतीचे समर्थन करण्यास मला एकही युक्तिवाद सापडत नाही. 'नदीचे भले' हा एक होता, तो वस्तुस्थितीने पाडला.

मग सोडून देणे हेच कर्तव्य का? येथे घाई करू नये. सोडून देणारा स्वतःला दयाळू समजतो, परंतु त्याने आधी गळ टोचलेला असतो. २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउटच्या ओठांत इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. त्याला वेदना म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, पण शंकेचा फायदा कोणाला द्यावा हा प्रश्न उरतोच. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत केवळ सोडण्याच्या इराद्याने मासे धरण्यास मनाई केली. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्याचा रोखही तसाच आहे : वाजवी कारणाविना कण्याच्या प्राण्याला मारू नये, आणि खेळ हे वाजवी कारण तेथे सहसा मानले जात नाही. या दृष्टीने पाहता ट्राउट धरून सोडणारा रसिक आणि सकर काठावर फेकणारा आडदांड यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही.

तरीही अंतर आहे, असे मला वाटते. गळ टाकताना कोणता मासा लागेल हे माणसाच्या हाती नसते. न मागता आलेल्या माशाचे काय करावे, हा प्रश्न उद्भवला की खाणे व सोडणे या दोहोंना अर्थ आहे. मारून टाकण्याला नाही. आणि सोडायचा तर नीट सोडावा. हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा आधीच दाबून ठेवावा. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता दोरी कापावी. फोटोसाठी मासा उन्हात तिष्ठत ठेवणे ही तर फेकण्याचीच सभ्य आवृत्ती होय.

या विचारात एक अपवाद मानला जातो तो परक्या माशाचा. कॉमन कार्प हा मासा १८७७ साली अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगानेच जर्मनीहून आणला, उत्तम अन्न म्हणून. थोड्याच काळात तो सर्वत्र पसरला, तळ ढवळून पाणी गढूळ करू लागला आणि नावडता झाला. त्याच्या जोडीला मूळच्या बफेलो-सकरांनाही एकाच यादीत कोंबले गेले. म्हणजे घुसखोर आणि घरमालक यांना एकच शिक्षा! मिनेसोटा राज्याने २०२४ साली कायद्यात ही दोन खाती वेगळी केली. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत धरलेला कार्प जिवंत परत सोडणे हाच गुन्हा आहे. आपल्याकडेही १९५२ साली आणलेली तिलापिया, म्हणजे उजनीच्या काठची 'चिलापी', देशी माशांच्या जागा अडवून बसली आहे. सुदैवाने ती लोक आवडीने खातात, त्यामुळे वाया जाण्याचा प्रश्न येत नाही.

'देशी सोडावा, परका ठेवावा' हा नियम मला बराच काळ पुरेसा वाटत होता. तो ॲरिझोनातील अपाची लेकने डळमळीत केला. १९१८ साली सरकारने मिसिसिपीच्या खोऱ्यातून बफेलो आणून तेथील रुझवेल्ट तलावात सोडले. तेथून ते खालच्या अपाची लेकमध्ये पोहोचले. ॲरिझोनात ते परकेच. काही हौशी लोक तेथे त्यांना गळाने धरून, फोटो काढून सोडून देत. वयाबरोबर या माशांच्या अंगावर काळे व नारिंगी ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून तोच मासा पुन्हा हाती लागल्याचे त्यांना ओळखू येई. त्यांनी संशोधकांशी संपर्क साधला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील बहुतेक बफेलो ८५ वर्षांवरचे ठरले. काही तर १९१८ साली सोडलेल्यांपैकीच असावेत. माझ्या नियमाप्रमाणे हे मासे काठावर राहायला हवे होते. ते पाण्यात परत गेले, म्हणूनच त्यांचे वय जगाला कळले.