इंजिन फिरतंय, पण व्होल्ट येत नाहीत

वीज जाते. उद्यमनगरातल्या शेडमध्ये जनरेटरला सेल्फ मारला जातो, इंजिन झोकात सुरू होतं आणि व्होल्टमीटरचा काटा मात्र शून्यावरच राहतो. ‘मॅग्नेट उतरलाय, बॅटरीचा झटका द्या,’ असा सल्ला लगेच मिळतो. तो निम्माच बरोबर आहे.

१. आधी लोडचा ब्रेकर पाडा. मशीन पुरात भिजलं असेल तर वाइंडिंग नीट वाळवा. एव्हीआर (व्होल्टेज रेग्युलेटर) आणि डायोड सोडवूनच मेगरनं इन्सुलेशन मोजा. एक मेगाओमपेक्षा कमी आलं, तर मशीन चालवू नका.

२. अल्टरनेटरचा प्रकार ओळखा. साध्या मशीनमध्ये एक्सायटरच्या लोखंडात उरलेलं थोडं चुंबकत्वच सुरुवात करून देतं. मशीन बरेच महिने पडून राहिलं की तेही ओसरतं. पीएमजीच्या मशीनमध्ये शाफ्टच्या टोकाला कायमच्या चुंबकाचा छोटा जनरेटर असतो आणि एव्हीआरला वीज तोच पुरवतो.

३. मशीन साधं असेल तर इंजिन बंद करा, एक्सायटर फील्डच्या दोन्ही तारा एव्हीआरपासून सोडवा. सुट्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस फील्डच्या प्लसला, मायनस मायनसला, मध्ये फ्यूज घालून, चार-पाच सेकंद लावा. तार काढताना ठिणगी उडते, हात जपा. तारा पूर्ववत जोडून इंजिन चालवा.

४. पीएमजी असेल तर त्याच्या तिन्ही तारा एव्हीआरपासून सोडवून इंजिन १५०० आरपीएमला चालवा आणि दोन-दोन तारांमध्ये एसी व्होल्ट मोजा. स्टॅमफर्डच्या मशीनला साधारण १७० ते १८० व्होल्ट येतात. तिन्ही आकडे सारखे पण कमी असतील तर आधी आरपीएम तपासा; तो बरोबर असेल तर चुंबकावर संशय घ्या. आकडे वेगवेगळे आले तर दोष वाइंडिंगमध्ये आहे.

५. इथे बॅटरी लावू नका. कायमचा चुंबक तिनं भरत नाही. त्याला मॅग्नेटायझरचा जबर झटका लागतो, म्हणून पीएमजीचा रोटर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे द्या किंवा नवा घ्या.

६. रोटर काढल्यावर तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. फाउंड्रीतला लोखंडी कीस त्याला असा चिकटतो की निघता निघत नाही. हातोडा मारणं आणि गॅसनं तापवणं, दोन्हीमुळे चुंबक कमजोर होतो.

चुंबक क्वचितच उतरतो; सैल तार, फुटका डायोड आणि कमी आरपीएम मात्र नेहमीचे. तपासणी तिथूनच सुरू करा.