पेले आणले, हात कुणाचे?

चि. सोनूस,


परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता. 5 जूनला पर्यावरण दिनाची शपथ झाली, पोस्टरं लागली, कारखानाभर रंगीत डबे आले, आणि महिन्याभरात सगळ्या डब्यांत सगळाच कचरा. ‘मामा, इथे लोकांनाच बदलायचं नाहीये,’ असं तू म्हणालीस. ते मला लागलं, कारण नेमकं हेच मीही एकदा बोलून बसलोय.

2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा मी मेंटेनन्सला होतो. चहाचे कप बदलण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तीनशे स्टीलचे पेले मागवले, नोटीस लावली आणि मोकळा झालो. आठ दिवसांत पेल्यांना वास यायला लागला. लोक गेटबाहेरच्या टपरीवरून कागदी कपात चहा आणू लागले, आणि त्या कपांनाही आतून प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो. मी तावातावाने कँटीनमध्ये गेलो. मावशींनी पदराला हात पुसले आणि नळाकडे बोट दाखवलं. एकच नळ, करंगळीएवढी धार, खाली पेल्यांचा ढीग, शेजारी जेवणाची भांडी पडलेली. म्हणाल्या, ‘साहेब, पेले आणलेत, हात कुणाचे आणलेत?’ त्यांच्या बोटांच्या पेरांना साबणाने भेगा पडल्या होत्या. मी निमूट परत आलो.

मग दुसरा नळ बसवला, गरम पाणी आणलं, पेले पालथे घालायला जाळीची मांडणी केली आणि मावशींच्या जोडीला रोज दोन तास एक माणूस दिला. त्यानंतर पेले असे रुळले की नोटीस कुणी काढली तेही कळलं नाही.

तेव्हा सोनू, पोस्टर राहू दे. एक दिवस संध्याकाळी हाऊसकीपिंगच्या बायकांच्या मागे मागे फिर. ओल्या-सुक्याला ट्रॉली एक की दोन? गेटवरची गाडी माल वेगळा घेते की एकत्र? ऑपरेटरने वेगळा टाकलेला कचरा डोळ्यांदेखत एकाच काळ्या पिशवीत जाताना पाहिला, तर तो उद्यापासून वेगळा टाकणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

तेलकट कॉटन वेस्टचं मात्र वेगळं. 2016च्या नियमांप्रमाणे तो धोकादायक कचरा आहे, साधारणपणे 90 दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही. तिथे आर्जव नको, शिस्तच हवी. पण त्याचा डबा भिंतीशी ठेवू नकोस. मशीनवर उभ्या माणसाचा हात पोचेल असा ठेव.

आणि सुरुवात कचऱ्यापासूनच का करतेस? कॉम्प्रेसरकडे बघ. गुरुवारी सुट्टीला शेड शांत असते. सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू कर. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे तो जेवढा वेळ लोड घेईल ती सगळी गळतीच. घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या मोज. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड निघालं, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याएवढी हवा गळतेय. मग लाइनीच्या कडेने कान देऊन चाल. कपलिंगपाशी फुसफुस ऐकू येते, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. रात्रपाळीचा जुना ऑपरेटर सोबत घे, त्याला निम्म्या जागा आधीच ठाऊक असतात. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच. त्याने दाखवलेली गळती त्याच आठवड्यात बंद झाली पाहिजे. नाहीतर पुन्हा तो तोंड उघडणार नाही.

एअरगनने अंगावरची धूळ उडवणं बंद करायचं असेल, तर आधी ब्रश दे आणि शिफ्ट सुटताना पाच मिनिटं दे. त्या पाच मिनिटांसाठी तुला सुपरवायझरशी भांडावं लागेल. तो वाईट नाही गं, पण सकाळच्या मीटिंगला त्याला फक्त प्रॉडक्शन आणि रिजेक्शन विचारतात. त्याच मीटिंगच्या फळ्यावर गळतीचा आकडा तिसऱ्या रकान्यात लिहायला प्लांट हेडना सांग. रोज त्यांनीच विचारायला हवं. तू विचारून उपयोग नाही, अजून तुझं वय लहान आहे आणि ते लोकांना दिसतं.

गुरुवारचे लोड-अनलोडचे आकडे मला त्याच संध्याकाळी कळव, मी वहीत उतरवून ठेवतो. आणि तुमच्याकडे पेले कोण विसळतं, तेही लिही.

तुझा,
नानामामा