दलदलींतील फुलपाखराची ओळख

लागवडीस निरुपयोगी जमिनीस महसुली दप्तरांत 'पोटखराबा' म्हणतात. प्रस्तुत लेखकानें नोकरींत असतां अशा नोंदी पुष्कळ लिहिल्या. परंतु त्या जमिनींत कोणाची वस्ती आहे, हें लिहिण्याचा रकाना दप्तरांत नव्हता. विलायतेंतील अशाच जमिनीवरील एका जीवाची ओळख येथें करून देण्याचें योजिलें आहे.

ब्रिटन व आयर्लंड येथील पाणथळ दलदलींत 'लार्ज हीथ' नांवाचें तपकिरी-नारिंगी फुलपाखरूं आढळतें. तेथें शेवाळ हजारों वर्षें पुरतें न कुजतां सांचून जमिनीचे थर बनले आहेत. त्यांस 'पीट' म्हणतात.

ओळख पटविण्यास पुढील खुणा क्रमानें पाहाव्या :

(१) जमीन : पायाखालीं पाणी असून, लव्हाळ्याच्या कुळांतील व कापसासारख्या पांढऱ्या बोंडांच्या 'कॉटनग्रास'चे झुबके असावे. अळी मुख्यत्वें त्यावरच पोसते व त्याच्याच बुडाशीं हिंवाळा काढते.

(२) काळ : जूनपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत.

(३) बैठक : हें नेहमीं पंख मिटून बसतें, म्हणून पंखांची खालची बाजूच तपासावी.

(४) ठिपके : मागील पंखावर पांढऱ्या बुबुळाचे काळे डोळे असतात. इंग्लंडच्या सखल दलदलींत ते ठळक, तर स्कॉटलंडच्या उत्तरेस जवळजवळ नाहींसे होतात. तेवढ्यावरून जात निराळी मानूं नये.

'स्मॉल हीथ' नांवाचें याचें भावंड दिसण्यांत सारखें असतें. परंतु तें लहान असून बहुधा कोरड्या गवताळ जमिनीवर राहतें. सारांश, केवळ पंख पाहून निवाडा देऊं नये. जमिनीचीही साक्ष घ्यावी.

मँचेस्टरभोंवतालच्या दलदली चर खणून कोरड्या केल्या, पीट कापून नेलें, आणि हें फुलपाखरूं तेथून नाहींसें झालें. पुढें ॲस्टली मॉस या ठिकाणीं चर बुजवून पाणी अडविलें, कॉटनग्रास लाविलें, व २०२० सालीं तें पुन्हां सोडण्यांत आलें.

यांत शेतकऱ्याचाही धडा आहे. केंब्रिजशायरमधील होम फेन येथें पीटच्या जमिनींत १८५१ सालीं रोविलेल्या लोखंडी खांबाचें टोंक भुईसपाट होतें. पाणी काढल्यावर जमीन आकसून व झिजून खचली; आज तो खांब सुमारें ४ मीटर उघडा आहे. फुलपाखरूं गेलें, त्याचप्रमाणें अशा ठिकाणीं पायाखालची जमीनही गेली.

तरी वाचकांनीं आपल्या पाणथळ तुकड्यांत चर खणण्यापूर्वीं एकदां तेथें उभें राहून पाहावें, हीच विनंति.